पश्चिमेची भिंत

[दृश्य : कुलूप उघडतं. अंधारी खोली, बंद खिडकी.]

हे घर मी एप्रिलमध्ये बघितलं. डोंबिवली, तिसरा मजला, भिंतींना नवाकोरा रंग. एजंट म्हणाला, "मॅडम, कालच पेंटिंग झालंय." मी खूश. एप्रिलमध्ये कोणाचीही भिंत कोरडीच असते, हे डोक्यात आलं नाही.

जुलैत चार दिवस गावाला गेले. परत येऊन दार उघडलं आणि ओल्या गोणपाटासारखा कुबट वास अंगावर आला. तो आधीपासून असणारच. आपल्याच घराच्या वासाला नाक सरावतं, म्हणून बाहेरून आल्यावरचा पहिला श्वास तेवढा खरा.

[दृश्य : कपाट भिंतीपासून ओढलं जातं. मागे काळे-हिरवे ठिपके, रंगाचे पोपडे.]

बुरशीचे बीजाणू हवेत बारा महिने असतात. खाणं त्यांना रंगात, प्लायवूडमध्ये, कागदात, साध्या धुळीतही मिळतं. कमी असते ती ओल, आणि मुंबईच्या पट्ट्यात एकट्या जुलैत सरासरी 800 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जागा एक-दोन दिवस ओली राहिली की बुरशी रुजते. वाढताना ती जे वायू सोडते, तोच हा वास.

आई फोनवर म्हणाली, "डांबरगोळ्या ठेव, संध्याकाळी धूप घाल." घातला. मग घराला बुरशी, डांबरगोळ्या आणि धूप असा तिहेरी वास यायला लागला.

[दृश्य : भिंतीवर फूटभर प्लास्टिक, चारी कडांना चिकटपट्टी.]

उपयोगी पडला तो हा प्लास्टिकचा तुकडा. भिंत पुसून चिकटवायचा आणि दोन दिवस थांबायचं. थेंब खोलीच्या बाजूने आले तर दमट हवा भिंतीवर गार होतेय, म्हणजे हवा खेळती करा, ओले कपडे आत वाळत घालू नका. थेंब प्लास्टिकच्या मागे आले, तर पाणी भिंतीतूनच येतंय.

माझे मागे होते.

ही भिंत पश्चिमेची. पावसाळी वारा समुद्रावरून येतो आणि झड थेट इथे आपटते. कोकणात आमच्याकडे पावसाआधी याच बाजूला झावळ्यांची झापं बांधायचे. इथे खिडकीखालच्या प्लास्टरला बारीक चीर होती, तेवढी पुरली.

घरमालकांना फोन केला. "काका, भिंत ओली आहे."
"अगं, पावसाळ्यात ओल यायचीच. दिवाळीत रंग मारून देतो."

ओल्या भिंतीवरचा रंग पुढच्या पावसात पोपडे होऊन खाली येतो. पण मालकांशी वाद घालून उपयोग नव्हता. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटी चालवायच्या नमुना नियमांप्रमाणे, बाहेरच्या भिंतीची गळती दुरुस्त करणं सोसायटीचं काम. वरच्या घराच्या बाथरूममधून पाझर असता, तर तो खर्च सदनिकाधारकांचा. अडचण एकच : भाडेकरू सोसायटीचा सभासद नसतो, त्याच्या अर्जाला वजन नाही. म्हणून म्हटलं, "काका, अर्ज मी लिहून आणते, तुम्ही फक्त सही करा." तारखेचे फोटो जोडले. तेच फोटो त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवले, उद्या डिपॉझिटमधून ओलीचे पैसे कापायला नकोत.

[दृश्य : मास्क लावून ओल्या फडक्याने भिंत पुसणं.]

दुरुस्ती पाऊस गेल्यावरच होणार होती. तोवर साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसायचं. कोरड्या ब्रशने घासलं की बीजाणू घरभर उडतात. दम्याच्या माणसाने हे काम करूच नये. ब्लीच फरशीवर ठीक. प्लास्टरवर डाग फिका पडतो आणि ब्लीचमधलं पाणी आत मुरतं. संडास धुण्याच्या अ‍ॅसिडमध्ये तर ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

कपाट चार बोटं पुढे ओढलं. आत कॅल्शियम क्लोराइडचा डबा ठेवला. तो हवेतली ओल शोषतो आणि तळाशी पाणी साठतं. बंद कपाटापुरता ठीक आहे, खोली त्याने कोरडी होत नाही.

[दृश्य : बाहेर दोरीच्या झुल्यावर बसून कामगार चीर भरतोय.]

ऑक्टोबरात चीर भरली. काका लगेच रंगाचा डबा घेऊन हजर. त्यांना थांबवलं, कारण बाहेरून पाणी थांबलं तरी आत मुरलेलं सुकायला महिने लागतात. प्लास्टिक पुन्हा चिकटवलंय. काल त्याच्यामागे थेंब होते, पण बारीक.

अकरा महिन्यांचा करार मार्चमध्ये संपतो. परवा एजंटचा फोन आला : "मॅडम, पुढच्या पार्टीला दाखवायला घराचे फोटो पाठवता का?"

म्हटलं, पाठवते. जुलैचे आहेत माझ्याकडे.