थोमा त्या आठ दिवसांत कुठे होता?

सगळ्यांना सलाम. मागे आवाज पोचतोय ना? नसेल तर पंखे जरा कमी करा. आज विषय दिलाय 'ख्रिस्ती जीवनातली शंका', आणि कमिटीतल्या एकांनी मला गेटवरच गाठून सांगितलं की पोरांच्या डोक्यात नसलेलं काही घालू नका हं. अहो, पोरांच्या हातात मोबाईल आहे, शंका घालायला मी कशाला पाहिजे!

तर थोमा, येशूच्या बारा शिष्यांपैकी एक. बिचाऱ्याला आपण संडेस्कूलपासून 'संशयी थोमा' करून ठेवलाय. हाच थोमा बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, 11 व्या अध्यायात काय म्हणतो बघा. येशू यहूदीयात परत निघालाय, जिथे लोक त्याला दगडमार करायला टपलेले होते, शिष्य म्हणतायत नका जाऊ, आणि हा म्हणतो चला, आपणपण जाऊ त्याच्याबरोबर मरायला. ते कोणाला आठवत नाही.

मग 20 वा अध्याय. येशू मेलेल्यांतून उठला त्या संध्याकाळी बाकीच्यांना भेटला आणि नेमका हाच तिथे नव्हता. म्हणाला, खिळ्यांच्या जागी बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. आणि पुढचं वचन आपण घाईत वाचून सोडून देतो, की आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात होते आणि थोमा त्यांच्याबरोबर होता. आता विचार करा, बाकीचे सगळे प्रभूला बघून आनंदात, हा एकटा तोंड पाडून बसलेला, काय वाद झाले असतील, तरी त्यांनी याला हाकललं नाही आणि हाही चप्पल घालून निघून गेला नाही. मला विचाराल तर हा पण चमत्कारच. म्हणून तर येशू आला तेव्हा थोमा सापडला, आणि 'माझा प्रभू, माझा देव' हे शब्द त्याच्याच तोंडून निघाले.

आपल्याकडे काय होतं सांगू? मागे एका मुलीचा रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅप आला. आई कॅन्सरने गेली, मंडळीने, म्हणजे चर्चच्या लोकांनी उपास-प्रार्थना केल्या होत्या, आणि मातीहून घरी आल्यावर कोणीतरी मोठ्या माणसाने तिला सांगितलं, 'बेटा, विश्वास कमी पडला'. तिने विचारलं, कोणाचा, माझा की आईचा? मला राग आला, अजून येतो. मार्क 9 काढा. आजारी पोराचा बाप येशूला म्हणतो, काही करता येत असेल तर करा. येशूने त्या 'येत असेल तर'वर त्याला टोकलं, तेव्हा तो ओरडला की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एका दमात दोन्ही! आणि येशूने काय, आधी विश्वास शंभर टक्के कर मग ये असं सांगितलं? नाही, पोराला तिथल्या तिथे बरं केलं. म्हणजे तिच्या आईला देवाने का बरं केलं नाही, याचं उत्तर माझ्याकडे आहे असं नाही. पण 'विश्वास कमी पडला' हे उत्तर नाही एवढं नक्की.

बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगात पडला तेव्हा त्यालाही वाटलं, येणारा तो, म्हणजे देवाने वचन दिलेला तारणारा, हाच की दुसऱ्याची वाट बघायची? पण त्याने ते मनात कुजवलं नाही, माणसं पाठवून थेट येशूलाच विचारलं. आणि येशूने त्यानंतर लोकांसमोर त्याची स्तुती केली, मत्तय 11, घरी जाऊन वाचा.

लांब कशाला, इथलंच बघा. लक्ष्मीबाई टिळक आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. नवऱ्याने, म्हणजे कवी नारायण वामन टिळकांनी, 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, बाईंवर आभाळ कोसळलं, काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग परत आल्या तरी सोवळं सोडलं नाही, स्वयंपाक वेगळा. टिळकांनी बळजबरी केली नाही. काही वर्षांनी त्या आपल्या पायांनी ख्रिस्ताकडे आल्या. वर्षं बरं का, आणि आपण पोराने प्रश्न विचारला की पाच मिनिटांत त्याला गप्प करतो.

अजून एक, हे थोडं अवांतर वाटेल. अंबड-सातपूरला नाइट शिफ्ट करणारी पोरं इथे बसलीयत. कधीकधी शंका वगैरे काही नसते, माणूस थकलेला असतो. जुन्या करारातला संदेष्टा एलीया झुडपाखाली पडून म्हणाला, देवा, आता मला मरू दे. देवदूताने त्याला वचन नाही ऐकवलं, भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून परत खायला घातलं. बोलणं नंतर, डोंगरावर.

तर पुढच्या महिन्यापासून तरुण संघानंतर अर्धा तास फक्त प्रश्न, पाळकसाहेबांशी बोलून ठेवलंय. देव आहे का, बायबल खरं कशावरून, मंडळीत प्रॉपर्टीची भांडणं का, काहीही चालेल. नियम एकच, 'तू फक्त प्रार्थना कर' एवढंच सांगून कोणी कोणाला बसवायचं नाही. आणि चहा आहे. आता माईक मागे द्या, त्या पांढऱ्या शर्टवाल्याचा हात मघापासून वर आहे. बोल रे, आणि बाकीच्यांनी वळून बघू नका.