तुरुंगातले जडसन आणि सुटकेनंतरचे जडसन

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो, पत्रिकेत आजचा विषय ‘अ‍ॅडोनिराम जडसन यांची श्रद्धा’ असा छापला आहे. ब्रह्मदेशात गेलेले अमेरिकन ख्रिस्ती मिशनरी जडसन कोण हे या श्रोतृवर्गाला सांगण्याची गरज नसावी. १८१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील सेलम येथे जडसन यांच्यासह ज्या पाच तरुणांना एकाच दिवशी मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली, त्यांपैकी गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट आणि सॅम्युएल न्यूवेल पुढे मुंबईस आले आणि त्यांनी अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला. त्या नात्याने जडसन आपल्याला परके नाहीत. कंपनी सरकारने त्यांना कलकत्त्यात सुखाने राहू दिले असते, तर १८१३ साली ते रंगूनला पोहोचलेच नसते. कंपनीच्या खाती धर्मकार्य फारसे जमा नसल्यामुळे एवढे श्रेय तिला देण्यास हरकत नसावी.

माझे म्हणणे असे की, जडसन यांच्या श्रद्धेची कसोटी आपण चुकीच्या वर्षांत शोधतो. पण त्याआधी उशीची हकिकत सांगितली पाहिजे.

१८२४ मध्ये इंग्रज आणि ब्रह्मी राजा यांच्यात युद्ध पेटले. अमेरिकन माणूस इंग्रजांहून निराळा असतो हे आवा या ब्रह्मी राजधानीतील दरबाराला पटवणे अवघड होते, त्यातून जडसन यांचे पैसे एका इंग्रज व्यापाऱ्यामार्फत येत. त्यांना हेर ठरवून कैदेत टाकले. रात्री कैद्यांच्या बेड्यांतून बांबू ओवून तो असा उचलीत की, पाय अधांतरी राहत आणि केवळ खांदे जमिनीला टेकत. बायबलच्या नव्या कराराच्या ब्रह्मी भाषांतराचे हस्तलिखित पत्नी अ‍ॅन यांनी प्रथम घराच्या आवारात पुरले होते. पावसाळ्यात ते कुजेल म्हणून त्यांनी ते एका उशीत शिवले आणि ती मुद्दाम इतकी कठीण व ओंगळ केली की कोणाला तिचा मोह पडू नये. तरीही एका पहारेकऱ्याने ती घेतलीच! (सरकारी शिपायाची निवड कधी कधी अगम्य असते.) अ‍ॅन यांनी त्याला अधिक चांगली उशी देऊन ती परत मिळवली. पुढे कैद्यांना औंगपेनले येथे हलवताना शिपायांनी उशीवर गुंडाळलेली चटई ठेवून घेतली आणि आतला कापसाचा गोळा फेकून दिला. माँग इंग या ब्रह्मी ख्रिस्ती शिष्याने तो गुरूची आठवण म्हणून घरी नेला, आणि कित्येक महिन्यांनी आतले हस्तलिखित जसेच्या तसे निघाले.

चरित्रकार येथे ईश्वरी योजनेला नमस्कार करतात. मी अ‍ॅनबाईंना करतो. तान्ह्या मुलीला घेऊन त्या कैद्यांच्या मागोमाग औंगपेनलेपर्यंत गेल्या आणि तेथे तापाने अंथरुणाला खिळल्या; तेव्हा जडसन पहारेकऱ्यांच्या परवानगीने, पायांत बेड्या असताना, मुलीला उचलून गावातल्या बाळंतिणींकडे दूध मागत फिरले. ही हकिकत व्यासपीठांवरून क्वचितच सांगतात.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे, तेव्हा मूळ मुद्दा घाईने मांडतो. तुरुंगात जडसन यांच्यासमोर शत्रू होता, आणि शत्रू समोर असला की श्रद्धा ताठ उभी राहू शकते. सुटकेनंतर, १८२६ च्या ऑक्टोबरात, ते इंग्रज वकिलातीबरोबर आवा येथे असताना अ‍ॅन अ‍ॅम्हर्स्ट या ब्रह्मदेशातील गावी वारल्या; सहा महिन्यांनी मुलगीही गेली. आता दोष द्यावा असा राजाही नव्हता आणि दरोगाही नव्हता. जडसन यांनी विद्यापीठाची सन्माननीय पदवी परत केली, स्वतःची पुंजी मिशनला देऊन टाकली, रानात झोपडी बांधली आणि स्वतःसाठी खणलेल्या थडग्याच्या काठावर ते बसून राहू लागले. ईश्वरावर विश्वास आहे पण तो सापडत नाही, अशा आशयाचे वाक्य त्यांनी १८२९ मध्ये लिहिले.

भाविक लेखक हा काळ आजारपण म्हणून दोन ओळींत उरकतात. मला तो त्यांच्या श्रद्धेचा गाभा वाटतो. कारण ज्या माणसाला ईश्वर सापडत नव्हता, त्याने बायबलच्या जुन्या कराराचे ब्रह्मी भाषांतर बाजूला टाकले नाही. १८३४ च्या जानेवारीअखेर मोलमीन येथे संपूर्ण बायबलचे भाषांतर त्याने हातावेगळे केले. त्यांच्या ब्रह्मी शब्दकोशाचे प्रकरण आणि पुढचे दोन विवाह राहिलेच. त्यांविषयी प्रश्नोत्तरांत अवश्य विचारावे.