आठ तासांची पाळी, बारा तासांची पाळी

भिवंडीतल्या पॉवरलूमच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या मागांच्या, शेडमध्ये माईक धरला तर नुसता खडखडाट येतो. इथे विणकर एकमेकांशी हातवाऱ्यांनीच बोलतात. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी काही मिनिटांत संपते. ती बदलायची, तुटलेला धागा जोडायचा आणि पुढच्या लूमकडे धावायचं. एका माणसाकडे चार, कधी सहा लूम. असे बारा तास. एक आठवडा दिवसपाळी, पुढचा आठवडा रातपाळी.

18 जानेवारी 1982 रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. हा संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. काही गिरण्या कायमच्या बंद पडल्या, आणि ज्या उघडल्या त्यांनीही सगळ्यांना परत घेतलं नाही. मग लालबाग-परळचे कितीतरी कसबी विणकर भिवंडीच्या वाटेला लागले.

संपात बुडालेल्या पगाराचा हिशोब नेहमी मांडला जातो, आणि तो मांडायलाच हवा. पण हाताला पुन्हा काम मिळाल्यावर या माणसांच्या तब्येतीचं काय झालं, हे विचारणारे थोडे.

गिरणीतलं काम सुखाचं होतं असं कुणी म्हणणार नाही. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, कान जायचे, कापसाच्या तंतूंनी छाती भरायची. बदली कामगाराला तर आज काम मिळेल की नाही, हे दारात उभं राहिल्याशिवाय कळत नसे. तरी आठ तासांनी पाळी सुटायची. ईएसआयचं, म्हणजे कामगार विमा योजनेचं, कार्ड होतं. खोकला हटेना तर परळचं गांधी हॉस्पिटल होतं, आणि आजारपणातही घरी थोडेफार पैसे यायचे.

भिवंडीत मजुरी मीटरवर. वीज गेली की लूम बंद, मजुरीही बंद. ताग्यात खोट निघाली की पैसे कापले. अंगात ताप असला तरी खाडा परवडत नाही. एकाच शेडचे कागदोपत्री तुकडे करायचे, प्रत्येकात कायद्याच्या मर्यादेपेक्षा कमी माणसं दाखवायची, की कारखाना कायदा लागू होत नसे. गिरणीत शिकलेलं कसब इथे कामाला आलं. झोप, औषधपाणी आणि उद्याची शाश्वती मात्र गिरणीतच राहिली.

मार्च 2020च्या टाळेबंदीत हे लूम थांबले. उत्तर प्रदेश-बिहारकडचे कामगार हाल सोसत गावी गेले आणि पुढे कामासाठी परतले. लूम सुरू झाले म्हणजे सगळं सुरळीत झालं, असं बाहेरून वाटतं. आत पाळी बारा तासांचीच आहे. ईएसआयचं कार्ड नसलेल्या विणकराला छाती तपासून घ्यायची असेल, तर आजही त्या दिवसाची मजुरी सोडावी लागते.