बुडबुड्याची शर्यत

(दृश्य : ट्रान्स हार्बरच्या गाडीतून दिसणारी नवी मुंबईतली टीटीसी औद्योगिक वसाहत)

रबाळे गेलं की पूर्वेला पारसिकचा डोंगर आणि पायथ्याशी कारखान्यांच्या चिमण्या. कोळशावरच्या बॉयलरच्या धुरात कार्बन डायऑक्साइड असतो साधारण १२ ते १५ टक्के. बाकी बहुतेक नायट्रोजनच. या गर्दीतून नेमका कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायचा कसा?

(दृश्य : महापे, प्रयोगशाळा)

तो वेगळा काढणारा पातळ पडदा, म्हणजे मेम्ब्रेन, बनवायला इथे सकाळपासून लेप चढवणं चाललंय. तळाला पॉलिएस्टरचं कापड, त्यावर पॉलिसल्फोन या प्लास्टिकचा सच्छिद्र थर. मग सिलिकोन रबराचा थर, नाहीतर वरचा लेप खालच्या छिद्रांत झिरपून वायूची वाटच बुजवतो. सगळ्यात वर पेबॅक्स, रबरासारखं लवचिक प्लास्टिक. त्याचे दाणे ७० भाग इथेनॉल आणि ३० भाग पाण्यात, ८० अंशांच्या आसपास तापवून विरघळवतात. घट्ट द्रावण गार झालं, तर त्याची जेली होते. मग लेप विसरा.

घरच्या आरओ मशीनमधली मेम्ब्रेनही याच जातकुळीची. पण ही गाळणी नव्हे. पेबॅक्सच्या थरात छिद्रं नकोच आहेत. कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि पलीकडे निघतो. नायट्रोजनला तिथे फारसा थारा नाही. रेणूंच्या आकारातला फरक किरकोळच : ३.३ आणि ३.६४ अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग).

थर जितका पातळ, तितका वायू जास्त जातो. म्हणून मायक्रॉनच्याही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही, खाली उतरायची धडपड. आणि तिथेच गोची आहे. धुळीचा एक कण पडला तरी भोक राहतं, मग सगळेच वायू फुकटात पलीकडे. १९८० मध्ये मॉन्सॅन्टो या अमेरिकी कंपनीने बाजारात आणलेल्या ‘प्रिझम’ मेम्ब्रेनमध्ये अशी भोकं सिलिकोनचा हात फिरवून बुजवली होती. नामी युक्ती!

(दृश्य : काचेची नळी, जवळून)

मेम्ब्रेनची कापलेली चकती स्टीलच्या सेलमध्ये आवळली. आधी नायट्रोजन. पलीकडे निघालेला वायू नळीतला साबणाचा बुडबुडा ढकलतो; तो रेंगाळत, जेमतेम वर सरकतो. आता कार्बन डायऑक्साइड. बुडबुडा सुसाट! दाब तोच ठेवला, तर या दोन वेगांचं गुणोत्तर म्हणजे मेम्ब्रेनची निवडकता. पेबॅक्समध्ये ती ४०-५०च्या घरात जाते. दोन्ही बुडबुडे सारखेच पळाले, तर चकती कचऱ्यात.

अर्थात, सिलिंडरमधला वायू कोरडा आणि दाबाखालचा. चिमणीतला धूर दमट, आणि त्याला दाबही नाही. तिथे पलीकडून व्हॅक्यूम पंपाने ओढावं लागतं, आणि त्या विजेचं बिल कारखान्याला परवडणार का, हा प्रश्न पेबॅक्सपेक्षा अवघड आहे. तूर्त पुढच्या चाचणीत वायूत वाफ मिसळली जाणार आहे.