गवसणी

पत्रिकेत छापलंय त्याप्रमाणे मी आज रशियन लेखक चेखॉव्हच्या दोन प्रेमकथांवर आणि त्यांच्या एका प्रयोगावर बोलणार आहे. चित्रफिती, नाच, लोकगीतं सगळं एकत्र असलेला प्रयोग. २०१३च्या डिसेंबरात मी मुलीकडे व्हर्जिनियात होते, तेव्हा वॉशिंग्टनच्या लॅन्सबर्ग थिएटरात तो पाहिला. पण त्याआधी एका शब्दाचं भांडण आहे, आणि ते मिटवल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

पहिली कथा इंग्रजीत ‘मॅन इन अ केस’. तिच्या रशियन नावात ‘फुत्ल्यार’ असा शब्द आहे. त्याचीच ही ‘केस’ झाली. मराठीत सांगताना कुणी पेटी म्हणतं, कुणी कोश. पेटीत काय, चिल्लरही राहते आणि जुनी कागदपत्रंही. कोशातून पुढे फुलपाखरू निघतं. इथे कुणी निघत नाही. फुत्ल्यार चष्म्याचं असतं, व्हायोलिनचं असतं, ज्याचं त्याच्या मापाचं. आपल्याकडे याला गवसणी म्हणतात हो! तंबोऱ्याची गवसणी. रोज पेपरात कुणी ना कुणी आकाशाला गवसणी घालतंय, पण ती दिसते कशी हे विचारलं तर निम्म्या लोकांना सांगता येत नाही.

मला येतं, कारण आमच्या आत्याच्या तंबोऱ्याला होती. जुन्या हिरव्या इरकलीची, आतून मांजरपाटाचं अस्तर, गळ्याशी नाडी. माजघराच्या कोपऱ्यात तंबोरा उभा असे. आम्ही मुलं त्याला ‘हिरवी बाई’ म्हणायचो. आत्या पूर्वी गायची, हे आम्हाला ऐकून माहीत. साथीला एक गृहस्थ येत, ते पुढे मुंबईला गेले, हेही ऐकूनच. तिने लग्न केलं नाही. मी म्हणायची, “आत्या, काढ ना गं बाहेर, बघू दे.” ती म्हणे, “नको, धूळ बसते.” दसऱ्याला वाद्याची पूजा करायची, तीसुद्धा गवसणीवरूनच. हळदकुंकू कापडाला लागायचं. वर्षानुवर्षांच्या त्या बोटांनी तिथे एक तांबूस डाग पडला होता, रुपयाएवढा.

ती गेल्यावर आम्ही गवसणी उतरवली. नाडीची गाठ सुटेना, कात्रीने कापली. भोपळ्याला भेग. पोलादी तारा गंजलेल्या. आणि घोडीवर, तारांखाली, जवारीचे दोरे, नाद खुलावा म्हणून सरकवायचे ते, जागच्या जागी. तुमच्यात गाणारी मंडळी आहेत, तुम्हाला वेगळं सांगायला नको. तंबोरा लागलेला होता. गाणं थांबवून तशीच तिने गवसणी चढवली होती. धूळ तर आतही होतीच.

आता पहिल्या कथेतला बेलिकोव बघा. ग्रीक शिकवणारा मास्तर. ऊन असो, बुटांवर रबरी गलोशे, छत्री आणि कापूस भरलेला कोट. छत्रीला गवसणी, घड्याळाला करड्या चामड्याची गवसणी, पेन्सिलीला टोक काढायचा चाकूही गवसणीत. डोळ्यांवर काळा चष्मा, कानात कापूस. कायम एकच धोशा, ‘यातून काही भलतंच व्हायला नको.’ अशा माणसाचं वारेन्काशी लग्न जुळायला येतं. ती मोठमोठ्याने हसणारी, युक्रेनी गाणी म्हणणारी. ती भावाबरोबर सायकलवर जाताना दिसते आणि हा पांढराफटक पडतो. भावाशी बोलायला जातो, भाऊ त्याला जिन्यावरून ढकलून देतो. गलोशे खडखडत खाली येतात. खाली वारेन्का उभी. ती हसते. त्या हसण्याने तो मरतो, महिन्याभरात. शवपेटीत मात्र चेहरा शांत, जवळजवळ आनंदी. कायमची गवसणी मिळाली.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं? बरं. खरं बोलायचं ते राहिलंच आहे, भरभर सांगते.

प्रयोग पॉल लेझर आणि ॲनी-बी पार्सन या दिग्दर्शकांचा, नाव पहिल्याच कथेचं. बेलिकोव झाला होता मिखाईल बारिश्निकोव. ज्याच्या उड्या बघायला एके काळी जग लोटायचं तो नर्तक, पासष्टीचा, अंग चोरणाऱ्या मास्तराच्या भूमिकेत. रंगमंचावर पाळतीच्या कॅमेऱ्यातून घेतल्यासारखी दृश्यं होती, शिकार कशी करावी हे शिकवणाऱ्या फितीही. मी आधी धास्तावले होते. आपल्याकडच्या एका नाटकात मागे पडद्यावर धो धो पाऊस आणि पुढे कोरडा ठणठणीत नट, हे मी पाहिलंय, नाव घेत नाही. इथे तसं झालं नाही, त्याचं कारण कथेतच आहे. बेलिकोवची गोष्ट बेलिकोव सांगत नाही. रात्री एका कोठारात एक शिकारी दुसऱ्याला सांगतो. बेलिकोव गावावर नजर ठेवतो आणि गाव त्याच्यावर. त्या पाळतीचं दृश्यरूप रंगमंचावर आलं. आतला माणूस शेवटपर्यंत कुणाला दिसला नाही, कॅमेऱ्यालाही नाही.

आणि मग तोच नट अल्योखिन होतो. दुसरी कथा, ‘प्रेमाविषयी’, पहिलीसारखीच १८९८ सालची. (चेखॉव्हने या दोघींच्या मध्ये आणखी एक कथा लिहिली आहे, ती या मंडळींनी गाळली, मला ते पटलं.) अल्योखिन स्वतःची गोष्ट स्वतः सांगतो. आन्ना दुसऱ्याची बायको. दोघंही वर्षानुवर्षं एक शब्द काढत नाहीत. तो विचार करतो: तिला नेणार कुठे, तिची मुलं, नवरा, आई, मी आजारी पडलो तर, मी मेलो तर? एकेक कारण म्हणजे एकेक टाका, शिवत शिवत गवसणी पुरी होते. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, मित्रहो. दोन्ही भूमिका एकाच नटाला दिल्यामुळे मला दिसलं की शहाणा, हळवा, मोकळा वाटणारा अल्योखिन बेलिकोवचा सख्खा भाऊ आहे. वाचताना चाळीस वर्षं हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्या कथेत एक नाटकगृह आहे. दोघं खांद्याला खांदा लावून शेजारी बसतात. तो न बोलता तिच्या हातातली दुर्बीण घेतो आणि त्याच क्षणी त्याला वाटतं, ही माझी आहे. बाहेर पडल्यावर मात्र दोघं परक्यासारखे निरोप घेतात. मी हे अंधारात बसून आठवत होते, आणि शेजारी माझी मुलगी माझा कोट मांडीवर घेऊन बसली होती.

शेवटी आन्ना गावाला निघते. स्टेशनवर तिसरी घंटा व्हायला क्षणभरच उरलेला. आपल्याकडे तिसऱ्या घंटेला पडदा उघडतो. तिथे गाडी सुटते. ती एक टोपली विसरत होती, ती फळीवर ठेवायला तो डब्यात धावत शिरतो. नजरानजर होते, आणि इतक्या वर्षांचं सगळं बांध फोडून येतं. तो तिचा चेहरा, खांदे, ओले हात चुंबतो, प्रेम बोलून दाखवतो आणि शेवटचा निरोप घेतो. गाडी चालू झालेली असते. तो शेजारच्या रिकाम्या डब्यात जाऊन पुढच्या स्टेशनापर्यंत रडत बसतो. मग उतरतो, आणि घरी पायी चालत जातो.