प्रेमाची रंगीत तालीम

मित्रहो, आजच्या पत्रिकेवर विषय छापलाय 'सामाजिक उलथापालथीच्या काळातलं आंतरिक परिवर्तन'. एवढे जड शब्द एका ओळीत दिसले की मला आधी घाम फुटतो आणि मग झोप येते. तुमचंही तसंच होत असेल, म्हणून एक प्रसंग सांगतो. विषयाकडे मागनं येऊ.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका दंगलीनंतर मी मदत छावणीत कामाला गेलो होतो. माझ्याकडे वाटपाचं टेबल होतं. समोर रजिस्टर, मागे ब्लँकेटांचा ढीग. पहिल्या दिवशी प्रत्येक माणसाला ब्लँकेट देताना माझा गळा दाटून येत होता. खोटं कशाला बोलू, स्वतःचा थोडा अभिमानही वाटत होता. चौथ्या दिवशी एक माणूस तिसऱ्यांदा रांगेत उभा दिसला. झोप झालेली नव्हती, पाय सुजले होते. मी त्याच्यावर असा ओरडलो की सगळी छावणी गप्प झाली. तो निघून गेला. माझ्या शेजारी एक वयस्क कार्यकर्त्या बसायच्या, सगळे त्यांना ताई म्हणत. संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, "ताई, तो माणूस ब्लँकेटं विकत असणार." ताई म्हणाल्या, "असेलही. मला माहीत नाही. पण तू ओरडलास तेव्हा रांगेतल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. तेवढं मी पाहिलं."

पहिल्या दिवशी दाटून आलेला माझा गळा चौथ्या दिवशी कुठे गेला होता? आजचा विषय मला तिथून सुरू होतो असं वाटतं.

आपल्याकडे दोन प्रकारचे लोक असतात. एक म्हणतात, आधी मन शुद्ध करा, द्वेष गळून पडू दे, मग समाजात उतरा. दुसरे म्हणतात, मनाचं राहू द्या, आधी व्यवस्था बदला, माणसं आपोआप सुधारतील. दोघांची कडाक्याची भांडणं होतात. पण नीट पाहिलंत तर दोघंही वाटच पाहत बसलेले असतात, एक मनाची आणि दुसरा व्यवस्थेची. मला म्हणायचंय ते साधं आहे. मन काम करता करता बदलतं, चार जणांच्या संगतीत बदलतं, आणि त्यासाठी चक्क तालीम करावी लागते. नाटकाची करतात तशी.

ही तालीम एका माणसानं खरोखर घेतली होती. जेम्स लॉसन. जन्म 1928, अमेरिकेतला कृष्णवर्णीय धर्मोपदेशक. आठ-दहा वर्षांचा असताना रस्त्यात एका गोऱ्या पोरानं त्याला वर्णावरून शिवी दिली. यानं त्याच्या थोबाडीत ठेवून दिली आणि घरी येऊन मोठ्या ऐटीत आईला सांगितलं. आई स्वयंपाकघरात काम करत होती. तिनं मागे वळूनही न बघता विचारलं, "त्यानं काय भलं झालं, जिमी?" लॉसन हा प्रसंग म्हातारपणापर्यंत सांगत राहिले. आई रागावली नव्हती, तिनं उपदेशही केला नव्हता. नुसता प्रश्न विचारून ती कामाला लागली. ताईंचं बोलणं मला इतकी वर्षं का आठवत राहिलं, ते ही गोष्ट वाचल्यावर उमगलं.

पुढे कोरियाच्या युद्धात सैन्यभरती नाकारली म्हणून लॉसन वर्षभराहून जास्त काळ तुरुंगात होते. सुटल्यावर 1953 साली ते कुठे आले असतील? नागपूरला. हिस्लॉप कॉलेजात. गांधींच्या मार्गाचा जवळून अभ्यास करायचा होता. 1955 च्या डिसेंबरात, नागपुरात असतानाच, त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं की अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहरात वर्णभेदाविरुद्ध कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकलाय. पुढच्या वर्षी ते मायदेशी परतले. 1957 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग भेटले आणि म्हणाले, थांबू नका, दक्षिणेत या, आत्ताच या. लॉसन अमेरिकेच्या दक्षिणेतल्या नॅशव्हिल शहरात जाऊन राहिले. तिथल्या दुकानांतल्या खाण्याच्या काउंटरवर कृष्णवर्णीयांना बसू देत नसत.

1959 च्या हिवाळ्याआधी तिथल्या एका चर्चच्या तळघरात दर मंगळवारी संध्याकाळी विद्यार्थी जमायला लागले. खुर्च्या मांडून खोटं खोटं हॉटेलचं काउंटर करायचं. काहींनी गिऱ्हाईक होऊन बसायचं. बाकीच्यांनी गुंड व्हायचं: शिव्या द्यायच्या, ढकलायचं, खुर्ची ओढायची, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा. बसलेल्यांनी काय करायचं ते ठरलेलं. परत मारायचं नाही, शिवी द्यायची नाही, मोठ्यानं हसायचं नाही. पाठ ताठ, तोंड काउंटरकडे. मार पडायला लागला तर डोकं कसं सांभाळायचं, मित्राला मारत असतील तर त्याच्या अंगावर आडवं कसं पडायचं, हेसुद्धा शिकायचं.

मार खाणाऱ्यांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. माझं लक्ष जातं ते गुंडाची भूमिका करणाऱ्या पोरांकडे. कल्पना करा, तुम्ही वीस वर्षांचे आहात, आयुष्यभर ज्या शिव्या ऐकल्यात त्याच आता स्वतःच्या मित्राला द्यायच्या आहेत. आणि त्या येतात. जिभेवर तयार बसलेल्या असतात. हात उगारल्यावर अंगात एक नशा चढते, तीही कळते. समोरचा राक्षस आणि आपण देव, ही विभागणी त्या क्षणी जरा हलत असणार. माझ्या मते आंतरिक परिवर्तनाची पहिली पायरी हीच. ध्यान लावून बसल्यावर ती मला तरी कधी सापडली नाही.

डायन नॅश त्या तळघरात यायची, फिस्क विद्यापीठातली विद्यार्थिनी. तिनं नंतर मोकळेपणानं सांगितलंय की अहिंसेनं काही होईल यावर सुरुवातीला तिचा विश्वास नव्हता. शहरात दुसरं कुणी काही करतच नव्हतं, म्हणून ती येत राहिली. ऐकताय ना? विश्वास नसताना आली आणि तालीम करत राहिली. 1960 च्या फेब्रुवारीत ही मुलं खऱ्या काउंटरवर जाऊन बसली. 27 तारखेला जमावानं त्यांना मारलं, आणि पोलिसांनी मारणाऱ्यांना सोडून मार खाणाऱ्या 81 जणांना अटक केली. 19 एप्रिलला पहाटे त्यांच्या वकिलाच्या, अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब पडला. त्याच दिवशी हजारो माणसं गप्पपणे चालत नगरपालिकेवर गेली. तिथल्या पायऱ्यांवर नॅशनं महापौर बेन वेस्टना सरळ विचारलं, केवळ रंगावरून माणसात भेद करणं चूक आहे असं तुम्हाला वाटतं का? वेस्ट म्हणाले, हो, वाटतं. तीन आठवड्यांत, 10 मे रोजी, शहरातल्या दुकानांची काउंटरं सगळ्यांसाठी उघडायला लागली.

महापौर 'हो' का म्हणाले? त्यांच्या अंतःकरणाला पाझर फुटला, हे उत्तर फार गोड आहे. कृष्णवर्णीयांनी बाजारावर बहिष्कार टाकला होता, दुकानदारांचे गल्ले रिकामे पडले होते, ते विसरून चालणार नाही. पण दबाव होता म्हणून प्रेम नव्हतं, असंही नाही. प्रश्न अशा सुरात विचारला गेला की समोरच्याला 'हो' म्हणताना खाली मान घालावी लागली नाही. तो सूर तळघरात घासून घासून आला होता.

याच दिवसांतली लॉसन यांची एक गोष्ट सांगतात. एक गोरा तरुण त्यांच्या तोंडावर थुंकला. लॉसननी त्यालाच विचारलं, "रुमाल आहे का?" तो इतका गोंधळला की त्यानं खिशातून रुमाल काढून दिला. लॉसननी तोंड पुसलं, रुमाल परत केला आणि त्याच्या मोटरसायकलविषयी बोलायला लागले. ही हजरजबाबी वृत्ती उपजत नव्हती. हा तोच मुलगा, ज्यानं थोबाडीत मारली होती.

आता एक आक्षेप, आणि तो खरा आहे. पायाखाली तुडवलेल्याला 'प्रेम कर' असं सुखवस्तू माणूस सांगतो, तेव्हा ते प्रेम नसतं, ती मखमलीत गुंडाळलेली काठी असते. मी व्यासपीठावर उभा राहून हे बोलतोय, पुढे पाण्याची बाटली आहे, म्हणून मलाही जपूनच बोलायला हवं. पण बंधुतेशिवाय न्याय टिकत नाही, हे आपल्याला कुणी सांगितलं? 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेब आंबेडकरांनी. बंधुता नसेल तर समता आणि स्वातंत्र्य हे वरवर दिलेल्या रंगाच्या हातासारखे ठरतील, असा इशारा त्यांनी दिला. ज्यानं भेदभाव अंगावर झेलला, कायद्याची ताकद ज्याला सगळ्यांत जास्त ठाऊक होती, त्या माणसाचं हे बोलणं आहे. ते मवाळपणाचं म्हणता येणार नाही.

आणि प्रेम म्हणजे गोड बोलणंही नव्हे. बंगालातल्या नोआखालीत 1946 च्या ऑक्टोबरात हिंदू-मुसलमान दंगल झाली. गांधी गेले आणि त्यांनी सोबतच्या कार्यकर्त्यांना वेगवेगळ्या गावांत पाठवलं. एकेका गावात एकेकानं राहायचं, घोळका नाही. त्यात बीबी अमतुस सलाम होत्या, स्वतः मुसलमान. त्यांच्या वाट्याला आलेल्या सिरांदी गावात हिंदूंची पूजेची खड्गं लुटली गेली होती. ती परत मिळावीत म्हणून त्यांनी अन्न सोडलं. 25 दिवस. अखेर गावातल्या मुसलमान पुढाऱ्यांनी शांतता राखण्याचं लेखी वचन दिलं, तेव्हा 20 जानेवारी 1947 ला त्यांनी उपवास सोडला. पोटाला चिमटा घेऊन त्या भांडल्या कुणाशी, तर आपल्याच माणसांशी. दुसऱ्यांच्या माणसांना प्रेमानं समजावणं त्यामानानं सोपं. आपल्या घरातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काकांनी काही विषारी टाकलं की आपल्यातले किती जण उत्तर देतात? मी बहुतेक वेळा म्यूट करतो.

हे सगळं यशस्वीच होतं असं मात्र मी सांगणार नाही. नोआखालीत माणसं पांगायची ती पांगलीच. 4 एप्रिल 1968 ला किंग यांची मेम्फिसमध्ये हत्या झाली. तिथल्या सफाई कामगारांच्या संपासाठी त्यांना बोलावलं होतं लॉसन यांनीच. हत्येबद्दल शिक्षा झालेल्या जेम्स अर्ल रे याला लॉसन पुढे तुरुंगात जाऊन भेटत राहिले आणि 1978 मध्ये तिथेच त्याचं लग्न त्यांनी लावलं. खरा सूत्रधार रे नव्हे असं लॉसनना वाटत होतं, हेही सांगायला हवं, नाहीतर गोष्ट उगाच पुराणातली होते. तरीही ज्याच्या नावावर मित्राचा खून आहे त्याच्यापुढे उभं राहून लग्नाचे मंत्र म्हणायचे, तेव्हा आवाज कसा लागला असेल, हे मी पुष्कळदा मनात ऐकून बघतो.

छावणीचं सांगायचं राहिलं. पाचव्या दिवशी तो माणूस पुन्हा आला. ताई टेबलाशी होत्या, त्या उठून चहाला गेल्या. मुद्दाम गेल्या की काय, कुणास ठाऊक. तो माझ्यापुढे उभा राहिला, नजर जमिनीकडे. मी नाव विचारलं. त्यानं सांगितलं. राग गेलेला नव्हता, पोटात तसाच होता, हात थरथरत होता. मी रजिस्टर ओढलं आणि त्याचं नाव चौथ्यांदा लिहिलं. नीट अक्षरात.