जाहिरातीची जागा आणि आपला शब्द

(कोल्हापुरात ऑनलाइन लेखन करणाऱ्या तरुणांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी.

इथं बसलेल्यांपैकी कुणी तांबड्या-पांढऱ्यावर लिहितं, कुणी पन्हाळा-विशाळगडाच्या वाटांवर, कुणी ऊस आणि ठिबकवर, कुणी तालमीतल्या कुस्तीवर. लिहायचं कसं हे तुम्हाला मी शिकवायची गरज नाही. आज मी फक्त पैशाचं बोलणार आहे. मराठीत ते कुणी मोकळेपणानं बोलत नाही, आणि मग चांगली लिहिणारी माणसं दोन-तीन वर्षांत दमतात, डोमेनचं भाडं भरायचं सोडून देतात आणि सगळं लिखाण एका दिवसात गायब होतं. हे थांबावं अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

आधी गूगलच्या जाहिरातींचं उरकून घेऊ. वेबसाइटवर जाहिराती लावायची त्यांची सेवा म्हणजे अ‍ॅडसेन्स, ती २००३ साली सुरू झाली. आपल्या पानावर त्यांचा कोड लावायचा. वाचकानं पान उघडलं की त्याच क्षणी त्या जागेचा लिलाव होतो आणि जास्त बोली लावणाऱ्याची जाहिरात दिसते. गूगल अ‍ॅड्समधून आलेल्या जाहिरातदारानं शंभर रुपये मोजले तर त्यातले साधारण ६८ आपल्याकडे येतात. २०२४ पासून हिशोब क्लिकवर होत नाही, जाहिरात किती वेळा दिसली यावर होतो. शंभर डॉलर साठेपर्यंत पैसे बँकेत येत नाहीत. मराठी पानांवर बोली कमी लागते, कारण मराठी वाचक हवाय म्हणून लिलावात उतरणारे जाहिरातदारच थोडे. समजा, हजार वेळा पान उघडल्यावर तीस रुपये मिळाले. महिन्याला पन्नास हजार वेळा उघडली जाणारी वेबसाइट म्हणजे दीड हजार रुपये झाले. हे लावू नका असं मी म्हणत नाही. लावा, पण त्यावर घर चालेल असं धरून चालू नका. आणि मित्रांच्या ग्रुपवर "जरा जाहिरातीवर क्लिक करा रे" असं कधीही टाकू नका. असे क्लिक त्यांना ओळखता येतात, मग खातं बंद होतं आणि साठलेले पैसेही जातात.

आता तोच पन्नास हजारांचा आकडा घेऊन आपण शाहू मार्केट यार्डात, म्हणजे आपल्या गुळाच्या बाजारात जाऊ.

तुम्ही गुऱ्हाळावर एक चांगला लेख लिहिलाय असं समजा. काहिलीत रस कसा उकळतो, मळी कशी काढतात, काकवी कधी होते, पाक कधी उतरवायचा हे सगळं त्यात आहे. तो लेख पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेला कोल्हापूरकर वाचतोय. इकडे यार्डात एक व्यापारी आहे. गुळाच्या तीस किलोच्या रव्यांचा, म्हणजे ढेपांचा धंदा त्याच्या वडिलांपासून चालत आलेला. आता मुलाच्या नादानं त्यानं एक किलोचे बॉक्स सुरू केलेत, पण ते घेणारं गिऱ्हाईक कुठं आहे हे त्याला ठाऊक नाही. त्याला हवं असलेलं गिऱ्हाईक रोज तुमच्या पानावर येतंय. दिल्लीच्या कुठल्याही एजन्सीला ही गाठ घालता येणार नाही. ती तुम्हीच घालू शकता.

संभाषण साधारण असं होतं.

"काका, माझ्या वेबसाइटवर जाहिरात द्याल का?"

"जाहिरात कशाला? आमच्या गुळाबद्दल चार ओळी चांगल्या लिवा की. देतो की पैसे."

"लेखाचे पैसे मी घेत नाही, काका. गुऱ्हाळाच्या लेखाखाली जागा आहे. तिथं तुमचं नाव, फोटो, फोन नंबर लावतो. वर 'जाहिरात' असं लिहिलेलं असेल."

"मग लोकास्नी कळणार न्हवं, पैसे देऊन लावलीया म्हणून."

"कळू दे की. रोजच्या पेपरात तुमची जाहिरात येते तेव्हा लोकांना कळतंच ना? तरी फोन येतात. आणि उद्या पैसे घेऊन मी कुणाच्याही गुळाला चांगलं म्हणायला लागलो, तर तुमच्या शेजारच्या गाळेवाल्याच्याही गुळाला म्हणीन. मग माझ्या चांगलं म्हणण्याचा तुम्हाला काय उपयोग?"

इथं काका थोडा वेळ गप्प होतात. माझा अनुभव असा की पिढीजात व्यापारी हे फार लवकर समजतो, कारण त्याचा सगळा धंदा तोंडच्या शब्दावर चाललेला असतो. ज्यांना समजत नाही त्यांना पुन्हा एकदा समजावून सांगा. तरीही चार ओळीच हव्या असतील, तर चहा पिऊन नमस्कार करून बाहेर पडा. जागा विकायची, शब्द विकायचा नाही. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळा त्याचा तपशील.

आता भाव. काकांना हजार वेळा जाहिरात दिसण्याचा दर सांगू नका, त्यांना त्यात रस नाही. त्यांच्या बाजूनं हिशोब मांडा. समजा एका बॉक्समागे त्यांना तीस रुपये सुटतात. तुमच्या जाहिरातीवरून महिन्याला शंभर बॉक्स गेले तर तीन हजार रुपये. त्यातले दीड हजार मागितले तर दोघांचंही भागतं. पानं उघडण्यातून महिनाभरात जेवढे आले तेवढेच एका जागेतून आले, आणि अशा तीन-चार जागा तुमच्याकडे आहेत. शंभर बॉक्स जातील अशी हमी मात्र देऊ नका. जाहिरातीत वेगळा व्हॉट्सअ‍ॅप नंबर किंवा सवलतीचा कोड टाका, म्हणजे किती गिऱ्हाईक तुमच्याकडून आलं ते काकांनाही मोजता येईल. वाचकांचे आकडे दाखवताना मागच्या महिन्याचे खरे दाखवा. एखाद्या व्हायरल लेखाच्या आठवड्याचा आकडा दाखवून भाव वाढवला, तर पुढच्या वेळी काका दार उघडणार नाहीत.

हंगाम बघा. दिवाळी पाडव्याला यार्डात गुळाचे सौदे निघतात. गुजरीतला सराफ गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसऱ्याच्या आधी मोकळ्या हातानं खर्च करतो. लॉज आणि खानावळीवाल्यांना नवरात्रातल्या अंबाबाईच्या गर्दीचं आणि चैत्र पौर्णिमेच्या जोतिबा यात्रेचं पडलेलं असतं. या महिन्यांचा दर वेगळा ठेवा आणि तो आधी कागदावर लिहा. दर सगळ्यांना एकच. सहा महिन्यांचे पैसे एकदम देणाऱ्याला सूट द्या, ओळखीच्याला देऊ नका. कोल्हापूर लहान आहे. गुजरीत सकाळी दिलेली सूट दुपारपर्यंत महाद्वार रोडला कळते.

"जाहिरात" हा शब्द लावण्यावर मी एवढा अडून बसतो त्याला कायद्याचंही कारण आहे. जाहिरात उद्योगानं १९८५ साली स्वतःसाठी उभारलेली एएससीआय ही संस्था आहे. ऑनलाइन प्रभाव टाकणाऱ्यांसाठी तिचे नियम १४ जून २०२१ पासून लागू झाले. पुढच्या वर्षी, ९ जून २०२२ ला, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली केंद्र सरकारनं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं काढली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा सापडलात तर पन्नास लाखांपर्यंत. शिफारस करणाऱ्यालाही तो लागू होतो आणि त्याला वर्षभर शिफारस करायला बंदीही घालता येते. पैसे, भेटवस्तू, फुकट राहणं-जेवणं, नातं यांपैकी जे काही तुमच्या आणि त्या कंपनीच्या मध्ये असेल ते वाचकाला सांगायचं. तेही लेखाच्याच भाषेत आणि सहज दिसेल असं. मराठी लेखाच्या तळाशी बारीक अक्षरात इंग्रजी शब्द चिकटवून भागणार नाही.

कंपनीनं तयार करून पाठवलेला मजकूर जसाच्या तसा लावणाऱ्यांना मी आपल्या गावाशी जोडलेली एक गोष्ट सांगत असतो. 'केसरी'नं कोल्हापूरच्या शिवाजी महाराजांच्या, म्हणजे चौथ्या शिवाजी महाराजांच्या छळाबद्दल आणि दिवाण बर्वे यांच्याबद्दल लिहिलं. आधार होता आणून दिलेल्या पत्रांचा. पत्रं बनावट निघाली. १८८२ साली टिळक आणि आगरकर यांना शिक्षा झाली आणि त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. हेतू शुद्ध होता, पत्रं दुसऱ्यांची होती, तरी जबाबदारी छापणाऱ्यावर आली. आपल्या पानावर आलेली ओळ आपली, मग ती कुणीही लिहून पाठवलेली असो.

आता रोज सकाळी इनबॉक्समध्ये येणाऱ्या एका मेलबद्दल बोलू, कारण नवे लोक इथंच फसतात. मेल इंग्रजीत असतो. तुमची वेबसाइट फार आवडली म्हणतात, पण वेबसाइटचं नाव सोडून त्यात तुमचं काही नसतं. आम्ही एक लेख पाठवतो, तो लावा, त्यात आमची एक लिंक असेल, ती "डूफॉलो" म्हणजे गूगल मोजेल अशी ठेवा, "स्पॉन्सर्ड" लिहू नका, पैसे लगेच देतो. काही वेळा खाली एक ओळ असते: कॅसिनोच्या लिंकला दुप्पट. दोन हजार, तीन हजार रुपये म्हटले की नवा माणूस हुरळतो.

या माणसाला तुमचे वाचक नको आहेत, हे आधी लक्षात घ्या. त्याला गूगलच्या नजरेत तुमची जी पत आहे ती हवी आहे. तुमच्या पानावरून लिंक गेली की त्याची वेबसाइट शोधात वर सरकते, यासाठी हा खटाटोप. पैसे घेऊन दिलेली लिंक तशी खूण न करता ठेवणं गूगलच्या नियमांविरुद्ध आहे. त्या खुणेसाठी २०१९ पासून "स्पॉन्सर्ड" हा वेगळा शिक्काच ठेवलेला आहे. खूण लावली की या मेलवाल्याला तुमच्यात रस उरत नाही. नाही लावली आणि पकडले गेलात, तर गुऱ्हाळावरचा तुमचा चांगला लेखही शोधात खाली जातो, आणि मग यार्डातल्या काकांना दाखवायला आकडेच राहत नाहीत. मी अशा मेलना एका ओळीत उत्तर देतो: लिंकवर खूण असेल, लेखावर "जाहिरात" असेल, दर सोबत जोडलाय. परत उत्तर येणं विरळच.

काही जाहिराती कितीही पैसे मिळाले तरी घ्यायच्या नाहीत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात २०२५ च्या कायद्यानं गुन्हाच ठरवली आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. मधुमेह मुळापासून बरा करणारा काढा म्हणाल तर औषधं आणि चमत्कारी उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा कायदा आहे. पैसे दुप्पट करून देणाऱ्या योजनांबद्दल मी कायदा सांगत बसत नाही. आपल्या जिल्ह्यात असली योजना बुडून पोळलेलं घर नाही असं गाव दाखवा मला.

वसुली हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात गरजेचा भाग आहे. जाहिरात लावण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना लेखी ऑर्डर घ्या: कुठली जागा, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, किती रुपये. स्थानिक माणसाकडून एक महिना आगाऊ. मोठी एजन्सी आगाऊ देत नाही, तिच्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा. ती फुकट होते. नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं, असं २००६ चा कायदा सांगतो. बिलावर उद्यमचा नंबर छापला की एजन्सीचा अकाउंट्सवाला जरा वेगळ्या सुरात बोलतो. पैसे कापून आले तर घाबरू नका, तो टीडीएस म्हणजे आधीच कापलेला आयकर असतो, विवरणपत्र भरून हिशोबात धरता येतो. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या पुढे जायला लागली की जीएसटीसाठी सीए गाठा.

एक गोष्ट मी कधीही मोडत नाही. एकाच जाहिरातदाराकडून निम्म्याहून जास्त उत्पन्न येऊ लागलं की दुसरा शोधायला बाहेर पडायचं, मग पहिला कितीही चांगला माणूस असो. कारण एक दिवस त्याच्याबद्दल काहीतरी लिहायची वेळ येतेच. त्याच्या हॉटेलात स्वच्छता नसते, त्याच्या बांधकामानं नाला वळवलेला असतो. त्या दिवशी तुमचा हात थांबू नये.

समोरून एका ताईंची चिठ्ठी आली आहे. त्या लिहितात, एका ऑनलाइन दुकानानं कोल्हापुरी चपलेचा जोड फुकट पाठवलाय आणि "प्रामाणिकपणे लिहा" म्हणतायत, पैसे घेतलेले नाहीत, तर जाहिरात म्हणायचं का?

ताई, फुकटचा जोड हीसुद्धा घेतलेली वस्तूच. लेखाच्या पहिल्या परिच्छेदातच लिहा की हा जोड दुकानानं दिला. अशा वस्तूंची किंमत एका वर्षात एकाच देणाऱ्याकडून वीस हजारांच्या पुढे गेली तर दहा टक्के कर कापला जातो, तुमचा जोड त्यात येणार नाही. लिहायच्या आधी मात्र दोन गोष्टी विचारा. कातडं बाभळीच्या साली-हिरड्यानं कमावलेलं आहे का, आणि चप्पल कुठं शिवली. २०१९ च्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत. या आठ जिल्ह्यांबाहेर रेक्झिनला ठसा मारून केलेल्या मालाला कोल्हापुरी म्हणून तुम्ही तुमच्या पानावर जागा दिलीत, तर कापशीला आणि सुभाषनगरात वाकून टाके घालणाऱ्या माणसाच्या पोटावर पाय येतो. दुकानानं उत्तर दिलं तर जोड महिना-दोन महिने वापरा आणि जसा वाटला तसा लिहा. उत्तर टाळलं तर जोड कुरिअरनं परत करा, आणि पावती जपून ठेवा.